सेकंदाला ३७० किलोमीटर, पण कुठून कुठे?

सूर्य आणि त्याच्यासोबत आपण सगळे सेकंदाला जवळजवळ ३७० किलोमीटर वेगाने चाललो आहोत. तासाच्या हिशोबात हे तेरा लाख किलोमीटरच्याही वर जातं. दिशाही ठाऊक आहे: सिंह आणि चषक या तारकासमूहांची सीमा. चैत्रात रात्री नऊच्या सुमारास मघा तारा जवळपास डोक्यावर आलेला असतो. त्याच्या आग्नेयेला साधारण पंचवीस अंशांवर तो बिंदू येतो. मुद्दाम पाहायला गेलात तर निराशा होईल, कारण तिथे नजरेत भरेल असा एकही तारा नाही.

एवढं सांगितलं की ऐकणारा दोन गोष्टी विचारतो. हा वेग कशाच्या सापेक्ष? आणि ज्याच्या सापेक्ष मोजला, तिथेच विश्वाचं केंद्र आहे का? पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण नुसतं 'नाही' म्हणून कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. हा आकडा मुळात कसा हाती आला ते पाहिलं, तर तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही हे आपोआप वेगळं होत जातं.

मोजायचं काय होतं

न्यू जर्सीतल्या होमडेल इथल्या शिंगासारख्या अँटेनात आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना एक खरखर सापडली आणि १९६५ साली ती जाहीर झाली. अँटेना कुठेही वळवा, खरखर तेवढीच. तिचं तापमान त्यांनी सुमारे साडेतीन केल्विन (म्हणजे उणे २७३ सेल्सियसच्या निरपेक्ष शून्याहून साडेतीन अंश वर) काढलं होतं. आजचा नेमका आकडा २.७२५ केल्विन आहे. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटलेला, विश्वाच्या प्रसरणात ताणला जाऊन सूक्ष्मलहरी झालेला हा प्रकाश आहे. त्याला पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. सगळं आकाश त्याने भरलेलं आहे.

आता अशा चहूकडून सारख्या येणाऱ्या प्रकाशातून कुणी चालू लागला, तर पुढून येणाऱ्या लहरी त्याला थोड्या दाबलेल्या, म्हणजे थोड्या गरम दिसणार; मागून येणाऱ्या ताणलेल्या, थोड्या थंड. डॉप्लर परिणामच हा. जेम्स पीबल्स आणि डेव्हिड विल्किन्सन यांनी १९६८ मध्ये याचं सूत्र मांडलं. वेग लहान असेल तर हिशोब तोंडी करता येतो: आपला वेग प्रकाशवेगाच्या जेवढ्या पट, तेवढ्याच पटीने पुढचं आकाश सरासरीपेक्षा गरम आणि मागचं तेवढंच थंड. मधल्या दिशांना तापमान पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे हळूहळू उतरत जाणार. आकाशभर पसरलेल्या या एका चढ-उताराला द्विध्रुव म्हणतात.

तो असणार हे सगळ्यांना माहीत होतं. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो, तेवढ्यानेच ०.००२ केल्विनचा फरक पडायला हवा. अडचण मोजण्याची होती. खाली तीनशे केल्विनची पृथ्वी, वर स्वतःच सूक्ष्मलहरी सोडणारी हवा, हातातलं उपकरणही गरम, आणि शोधायचा फरक केल्विनच्या हजाराव्या भागातला. हवेतला ऑक्सिजन बऱ्यापैकी सारखा पसरलेला असतो, त्याचा हिशोब ठेवता येतो. पाण्याची वाफ मात्र पुंजक्यापुंजक्यांनी हिंडते आणि एका बाजूचं आकाश विनाकारण गरम दाखवते.

हे निर्णायकपणे मोजलं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या गटाने, पण त्यांच्याआधी एडवर्ड कॉंकलिन यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटनवरून, पॉल हेन्री यांनी १९७१ मध्ये बलूनमधून, आणि ब्रायन कोरी व विल्किन्सन यांनी १९७६ मध्ये पुन्हा बलूनमधून याचा माग काढला होता. लोकप्रिय लिखाणात ही नावं सहसा गळतात. त्यांच्या आकड्यांमध्ये त्रुटीची मर्यादा मोठी होती हे खरं, पण द्विध्रुव आधी त्यांनाच जाणवला होता.

हेरगिरीच्या विमानात

निर्णायक मोजमाप केलं ते बर्कलेच्या जॉर्ज स्मूट, मार्क गोरेनस्टाइन आणि रिचर्ड म्युलर या तिघांनी. म्युलर हे नोबेल विजेते लुई आल्व्हारेझ यांचे विद्यार्थी. या गटाने बलून सोडून विमान निवडलं, आणि तेही साधंसुधं नव्हे. लॉकहीडचं यू-२ हे शीतयुद्धात सोव्हिएत भूमीची छायाचित्रं घेण्यासाठी बनलेलं विमान. १ मे १९६० रोजी गॅरी पॉवर्स यांचं विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलं आणि जगभर गाजलं ते हेच. सत्तरच्या दशकात अशी काही विमानं नासाच्या एम्स केंद्राकडे संशोधनासाठी होती. ती वीस किलोमीटर उंचीवर तासन्‌तास सरळ उडत. तिथे पाण्याची वाफ जवळपास संपलेली असते.

उपकरणाची कल्पना मला फार आवडते, कारण तिच्यात एक प्रकारचा नम्र धूर्तपणा आहे. आकाशाचं तापमान मोजण्याचा हट्टच त्यांनी धरला नाही. दोन दिशांमधला फरक तेवढा मोजला. एकमेकींपासून ६० अंश वळलेल्या दोन शिंगाकृती अँटेना, आणि त्या दोन्हींमध्ये झपाट्याने आलटूनपालटून ऐकणारा एकच ग्राहक. उपकरणाचं स्वतःचं तापमान दोन्ही वाचनांत सारखंच असल्याने ते फरकातून गळून पडतं. डाव्या-उजव्या अँटेनेत मुळातच थोडा फरक असेल तर? म्हणून ठरावीक वेळाने सगळी जोडी १८० अंशांत फिरवायची: आकाशाचा फरक चिन्ह बदलतो, उपकरणाचा बदलत नाही. आणि विमानच एका बाजूला कललं तर? मग एका अँटेनेला हवेचा जाड थर दिसणार आणि खोटा द्विध्रुव तयार होणार. त्यासाठी ५४ गिगाहर्ट्‌झवर चालणारी दुसरी जोडी बसवली होती. त्या वारंवारतेला ऑक्सिजन भरपूर चमकतो, त्यामुळे ही जोडी विमानाचा कल पकडायची. मुख्य मोजमाप ३३ गिगाहर्ट्‌झवर होतं. तिथे हवेचाही त्रास कमी आणि आकाशगंगेच्या स्वतःच्या रेडिओ लहरींचाही.

१९७७ मध्ये निकाल छापून आला. उत्तर गोलार्धाच्या आकाशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग तपासल्यावर द्विध्रुवाचा आकार ०.००३५ केल्विन निघाला, ०.०००६ च्या त्रुटीसह. त्यावरून पृथ्वीचा वेग सेकंदाला ३९० किलोमीटर, ६० च्या त्रुटीसह. दिशा सिंह राशीची. पुढे पेरूमधल्या लिमा इथून उड्डाणं करून दक्षिण आकाशही तपासलं, तिथेही तोच चढ-उतार. फरक मोजण्याचं हेच तंत्र स्मूट यांनी पुढे पार्श्वभूमी प्रारण मोजणाऱ्या कोबे उपग्रहावर नेलं आणि २००६ च्या नोबेलपर्यंत पोचवलं. त्याच कामासाठी नंतर सोडलेल्या प्लांक उपग्रहाने २०१८ मध्ये दिलेला अंतिम आकडा सेकंदाला ३६९.८२ किलोमीटर, त्रुटी ०.११. विमानातून काढलेला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

म्युलर यांनी १९७८ मध्ये या प्रयोगाबद्दल लिहिताना त्याला 'नवा ईथर-प्रवाह' म्हटलं, आणि त्यामुळे काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ईथर म्हणजे प्रकाशलहरी ज्यातून जातात असं एकेकाळी मानलेलं सर्वव्यापी माध्यम. मायकेलसन आणि मोर्ले यांना १८८७ मध्ये ईथरमधून जाण्याचा पृथ्वीचा वेग शोधायला जाऊन हात हलवत परत यावं लागलं, आणि पुढे सापेक्षतावादाने परमस्थिर चौकटच काढून टाकली. मग हा वेग कुठून आला? भांडण इथे नाहीच. बंद खोलीत प्रयोग करून आपला वेग कळत नाही, असं सापेक्षतावाद म्हणतो. यू-२ मधल्या अँटेना खोलीबाहेर पाहत होत्या. बाहेर जे प्रारण आहे, त्याच्या सापेक्ष त्यांनी वेग काढला. पार्श्वभूमी प्रारण ही भौतिकशास्त्राच्या नियमांनी मानाचं स्थान दिलेली चौकट नाही. या विश्वात योगायोगाने आणि इतिहासाने उपलब्ध झालेली, सगळ्यांना वापरता येणारी एक चौकट आहे.

दिशा उलटी निघाली

खरा धक्का वेगात नव्हता, दिशेत होता. आकाशगंगेभोवतीच्या फेऱ्यात सूर्य हंस तारकासमूहाच्या दिशेने जातो. द्विध्रुव म्हणतो, आपण सिंहाच्या पायाखाली चाललो आहोत. या दोन दिशा जवळजवळ विरुद्ध आहेत. म्हणजे सूर्य एका बाजूला सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जात असताना हिशोबाची बेरीज विरुद्ध बाजूला ३७० येते. याचा अर्थ सगळी आकाशगंगाच सेकंदाला साधारण सहाशे किलोमीटरने सरकत असली पाहिजे. आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्या आजूबाजूच्या छोट्या दीर्घिका मिळून जो स्थानिक समूह होतो, त्याचा पार्श्वभूमीच्या सापेक्ष वेग आज सेकंदाला ६२० किलोमीटर धरला जातो, वासुकी तारकासमूहाच्या दिशेने. एवढ्या मोठ्या वेगाची अपेक्षा तेव्हा फारशी कुणाला नव्हती.

मग ओढतं कोण? १९८० च्या दशकाच्या शेवटी सात खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने लंबवर्तुळाकार दीर्घिकांची अंतरं आणि वेग तपासून दाखवलं की आपल्या भोवतालच्या अनेक दीर्घिका एकाच बाजूला झुकून चालल्या आहेत. सुमारे वीस कोटी प्रकाशवर्षांवर, नरतुरंगाच्या बाजूला, काहीतरी जड आहे. त्याला 'ग्रेट अट्रॅक्टर' हे नाव पडलं, आणि ते दिसत नाही म्हणून त्याच्याभोवती गूढकथाही तयार झाल्या. न दिसण्याचं कारण अगदी घरचं आहे: मध्ये आपल्याच आकाशगंगेच्या धुळीचा पट्टा येतो. १९८९ मध्ये केम्ब्रिजला संशोधन करत असताना सोमक रायचौधुरी यांनी त्याच दिशेला, पण बरंच मागे, सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह वेगळा ओळखून दाखवला. तो आज शॅप्ली महासमूह म्हणून ओळखला जातो. रायचौधुरी पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संचालक झाले. आपल्या गतीतला काही वाटा ग्रेट अट्रॅक्टरचा, काही शॅप्लीचा आणि थोडा विरुद्ध बाजूच्या पोकळीचाही, कारण तिकडे ओढायला कुणी नसणं हेसुद्धा इकडे झुकण्याचं कारण होतं. वाटे किती-किती, यावर अजून चर्चा चालते.

शॅप्ली महासमूह प्रसरणामुळे आपल्यापासून सेकंदाला चौदा हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने दूर जातो आहे. आपली ओढ काही शेकडा किलोमीटरांची. तिकडे ओढले जातोय हे खरं, पण पोचणार नाही. 'आपण ग्रेट अट्रॅक्टरकडे कोसळतो आहोत' अशा मथळ्यांखाली हा तपशील सहसा नसतो.

गतीच कशावरून

द्विध्रुव दिसला म्हणजे गतीच, असं का मानायचं? विश्वाची एक बाजू मुळातच थोडी गरम असू शकत नाही का? शंका रास्त आहे, आणि तिला दिलेलं नेहमीचं उत्तर अर्धवट आहे.

नेहमीचं उत्तर असं: पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, त्यामुळे द्विध्रुवात वर्षभर सुमारे ०.०००२७ केल्विनचं वर-खाली व्हायला हवं. ते होतं, आणि इतक्या नेमकेपणाने होतं की कोबेपासून प्लांकपर्यंतच्या उपग्रहांनी आपली उपकरणं त्यावरच जुळवून घेतली. पण यातून सूत्र बरोबर आहे एवढंच सिद्ध होतं. उरलेला मोठा द्विध्रुव गतीचाच आहे, हे नव्हे.

त्यासाठी वेगळी खूण लागते. सरळ पडणाऱ्या पावसात मोटरसायकल चालवली की थेंब समोरून तिरपे येऊन तोंडावर बसतात. तसं चालणाऱ्याला सगळ्या आकाशाचा प्रकाश पुढच्या बाजूला थोडा गोळा झालेला दिसतो. पार्श्वभूमीवर जे बारीक गरम-थंड डाग आहेत, ते पुढच्या बाजूला किंचित दाटलेले आणि मागच्या बाजूला किंचित पसरलेले दिसले, तर ती गती. प्लांकच्या गटाने २०१३ मध्ये हे तपासलं. डागांच्या या दाटण्या-पसरण्यावरून काढलेला वेग ३८४ निघाला. त्रुटी मोठी होती, दोन प्रकारच्या मिळून शंभराच्या वर, पण हा आकडा द्विध्रुवाच्या तापमानाला हातही न लावता आलेला होता.

थांबलो तर केंद्रात पोचू का

आता मूळ प्रश्न. समजा एखाद्या यानाने सेकंदाला ३७० किलोमीटरने उलट्या दिशेला जाऊन आपली सगळी गती रद्द केली. द्विध्रुव नाहीसा झाला. चहूकडे २.७२५ केल्विन, ना पुढे गरम ना मागे थंड. हे यान आता विश्वाच्या केंद्रात आहे का?

ते आपल्याच अंगणात आहे, फक्त थांबलेलं आहे. पाचशे कोटी प्रकाशवर्षांवरच्या एखाद्या दीर्घिकेतही कुणी असंच यान थांबवलं, तर तिथेही द्विध्रुव नाहीसा होईल. दोन्ही यानं आपापल्या ठिकाणी पूर्ण स्थिर, आणि तरीही त्यांच्यातलं अंतर वाढत राहणार. विश्वाचं प्रसरण म्हणतात ते हेच, आणि लोक अडखळतात ते नेमके इथेच: दोघं थांबलेले असताना अंतर वाढतंच कसं? अंतर वाढायला कुणीतरी चाललं पाहिजे असं आपण धरून चालतो म्हणून. स्थिर असण्याची जागा प्रत्येक बिंदूपाशी उपलब्ध आहे. जी गोष्ट सगळीकडे मिळते, तिच्यावरून एक ठिकाण ओळखता येत नाही.

आपण पाहतो ते पार्श्वभूमी प्रारण एका गोलाच्या पृष्ठभागावरून आलेलं आहे, आणि त्या गोलाच्या मधोमध आपण आहोत. आजच्या अंतरांनी मोजलं तर दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षं. पण मधोमध आहोत ते पाहणारे आपण आहोत म्हणून. दूरच्या यानातल्या माणसाचा गोल त्याच्याभोवती. 'सगळ्या दिशा सारख्या दिसतात, म्हणून मी मध्ये' हा तर्क खगोलशास्त्राला आधीही एकदा महागात पडला आहे. याकोबस काप्टाइन यांनी तारे मोजून सूर्य ताऱ्यांच्या समूहाच्या मध्याजवळ ठेवला होता. धूळ दूरचे तारे लपवते म्हणून सगळीकडे सारखंच दिसत होतं. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ मध्ये गोलाकार तारकागुच्छांच्या वाटणीवरून खरं केंद्र फार दूर, धनू राशीच्या बाजूला असल्याचं दाखवलं.

मग केंद्र असतं तर काय दिसलं असतं? हा प्रश्न हवेतला नाही, त्याची खरोखर चाचणी झाली आहे. १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांवरून, विश्वाचं प्रसरण वेगाने वाढत असल्याचं कळलं आणि कृष्ण ऊर्जेची कल्पना पुढे आली. ती नको म्हणून काहींनी दुसरी वाट सुचवली: आपण एका प्रचंड, कमी घनतेच्या पोकळीत आहोत असं धरा, म्हणजे प्रसरण वाढल्याचा भास आपोआप तयार होतो. अशा विश्वाला खरोखर केंद्र असतं, पोकळीचं. आणि इथे द्विध्रुव साक्षीला येतो. पोकळीच्या मध्यापासून आपण जितके दूर, तितका एका बाजूचा प्रसरणाचा वेग वेगळा आणि तितका द्विध्रुव मोठा. मोजलेल्या द्विध्रुवात बसायचं असेल, तर आपण मध्यापासून साधारण पाच कोटी प्रकाशवर्षांच्या आतच असायला हवं. पोकळीची त्रिज्या पाचशे कोटी धरली, तर आकारमानाच्या हिशोबाने ही शक्यता दहा लाखांत एक. अशक्य नाही, पण एक अवघड गोष्ट टाळायला तिच्याहून अवघड गोष्ट पत्करायची असा हा सौदा आहे. पुढे इतर निरीक्षणांनीही या मोठ्या पोकळ्यांची पंचाईत केली.

विश्वाच्या आकाराबद्दल द्विध्रुव काही बोलत नाही. उलट, आकार मोजायचा तर तो आधी वजा करावा लागतो, कारण खरे आदिम डाग त्याच्या सुमारे शंभरपट फिके आहेत. तो वजा केल्यावर १९९८ च्या अखेरीस अंटार्क्टिकाभोवती फिरलेल्या बूमरँग बलूनने आणि नंतर प्लांकने जे डाग पाहिले, त्यांचा ठळक आकार सुमारे एक अंश निघाला. सपाट विश्वात तेवढाच अपेक्षित होता. सपाट म्हणजे विश्व पातळ किंवा पसरट आहे असं नव्हे. अतिविशाल त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच भरते, एवढाच अर्थ. विश्व अनंत आहे की कुठेतरी स्वतःत मिटलेलं आहे, हे त्यातून कळत नाही. विश्व स्वतःभोवती फिरतं आहे का, तर २०१६ मध्ये प्लांकच्या नकाशावर केलेल्या एका तपासणीत विश्वाला मुळात वेगळी दिशा असण्याच्या विरोधात १,२१,००० ला एक असा कौल मिळाला.

न जुळणारा हिशोब

प्रकरण इथे मिटलं असतं. ते मिटलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त रस इथेच वाटतो.

१९८४ मध्ये जॉर्ज एलिस आणि जॉन बाल्डविन यांनी एक साधी चाचणी सुचवली. आपण चालत असू, तर दूरच्या रेडिओ दीर्घिकाही पुढच्या बाजूला थोड्या जास्त मोजल्या जायला हव्यात: एक तर त्या पुढे गोळा झालेल्या दिसतात, शिवाय थोड्या तेजस्वी झाल्याने आधी निसटणाऱ्या काही यादीत येतात. पार्श्वभूमी प्रारणाला हात न लावता, नुसती डोकी मोजून वेग काढायचा. दोन्ही वेग जुळले तर लांबवरचं द्रव्य आणि ते प्रारण एकाच चौकटीत स्थिर आहेत. ते जुळायलाच हवेत, कारण विश्व मोठ्या प्रमाणावर सगळीकडे सारखं असतं हे गृहीतच त्यावर उभं आहे.

डोकी मोजणं मात्र किचकट निघालं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले अशोक सिंगल यांनी २०११ मध्ये अमेरिकेच्या एनव्हीएसएस या रेडिओ सर्वेक्षणावरून वेग सेकंदाला सुमारे १६०० किलोमीटर काढला, म्हणजे चौपट. दिशा जवळपास तीच. मग नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्‌झवर केलेलं सर्वेक्षण आलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या यादीत सहा लाखांहून जास्त स्रोत आहेत. त्यातून तर द्विध्रुव आणखी कितीतरी मोठा निघाला. इतका मोठा की बहुतेकांनी आकाशाऐवजी मोजमापाकडे संशयाने पाहिलं. आकाशाच्या एका भागात तेजस्वितेचं प्रमाण काही टक्क्यांनी सरकलेलं असलं, तरी असा खोटा कल येऊ शकतो. माझ्या मते हा संशय योग्यच आहे. यू-२ वाल्यांनी विमानाचा कल पकडायला वेगळी जोडी बसवली होती. जमिनीवरच्या रेडिओ सर्वेक्षणांना तशी जोडी नसते.

२०२१ मध्ये हाच प्रयोग वेगळ्या वाटेने झाला. नेथन सेक्रेस्ट, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मोहम्मद रमीझ, ऑक्सफर्डचे सुबीर सरकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइज उपग्रहाच्या अवरक्त नोंदींमधून १३ लाख ६० हजार क्वासार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं, निवडले. जमिनीवरच्या रेडिओ दुर्बिणींच्या अडचणी इथे लागू नव्हत्या. अपेक्षित द्विध्रुव ०.००७ च्या आसपास, मिळाला ०.०१५५, दुपटीहून जास्त. दिशा पुन्हा साधारण तीच. निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता त्यांच्या हिशोबाने दहा लाखांत एकाहूनही कमी. दुसरीकडे जेरेमी डार्लिंग यांनी २०२२ मध्ये दोन नवी रेडिओ सर्वेक्षणं एकत्र करून काढलेला वेग पार्श्वभूमीशी जुळला. २०२५ मध्ये युरोपच्या लोफार दुर्बिणीसह तीन रेडिओ सर्वेक्षणं मिळून पुन्हा साडेतीन पटीहून मोठा द्विध्रुव आला.

'प्रमाण प्रारूप (विश्वाचं आज सर्वमान्य असलेलं चित्र) कोसळलं' म्हणणारे आणि 'यादीतली चूक असेल' म्हणून पान उलटणारे, दोघंही घाई करत आहेत असं मला वाटतं. दिशा वारंवार जुळते हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. फरक दर सर्वेक्षणात वेगळ्या पटीने येतो, हेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. निव्वळ वेगाचा परिणाम असता तर सगळीकडे एकाच वेगाचं उत्तर यायला हवं होतं. क्वासारांची तेजस्विता काळानुसार बदलत आली आहे, आणि अपेक्षित आकडा काढताना ते नीट धरलं गेलं आहे का, हा प्रश्नही उभा आहे.

आणि हा फरक खरा ठरला, तरी केंद्र सापडलं असं होणार नाही. लांबवरचं द्रव्य आणि पार्श्वभूमी प्रारण यांची 'स्थिर' असण्याची व्याख्या वेगवेगळी आहे, एवढं त्यातून निघेल. सगळीकडे सारखेपणाचं जे गृहीत धरून आपण विश्वाचं वय, घनता, कृष्ण ऊर्जा सगळं काढतो, ते त्यामुळे अडचणीत येईल. ती बातमी केंद्रापेक्षा कितीतरी मोठी असेल. पुढची डोकेमोजणी व्हेरा रुबिन वेधशाळा, युक्लिड उपग्रह आणि दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभी राहणारी एसकेए दुर्बीण करतील. एसकेएमध्ये भारताचा सहभाग आहे, १,२५० कोटी रुपयांचा, आणि त्याची धुरा पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. कोट्यवधी स्रोतांची ती यादी आली, की रेडिओ आणि अवरक्त दोन्हींत वेगळाले वेग निघतात का, हे पहिल्यांदा नीट तपासता येईल.